सारूचं वेगळं पान

प्रिय अहो,

तुम्हाला पत्र लिहिण्याची ही माझी पहिलीच खेप. लग्न ठरल्यावर तुम्ही नाशकात आणि मी पुण्यात होते, तेव्हा खरं तर लिहायला हवं होतं. पण तुमच्या अक्षराची ख्याती ऐकून होते; उत्तर आलं असतं तर ते वाचायचं कोणी? आता ती भीती उरलेली नाही. म्हणून लिहिते आहे.

कारण मात्र खरं आहे. उद्या रविवारी भास्कर पिल्लाला घेऊन जायला येणार आहे. न्यायचं की ठेवायचं हे मला त्याआधी ठरवायचंय, कारण ते पिल्लू आल्यापासून सारू जेवत नाही. आणि नेहमीप्रमाणे काहीतरी ठरवायच्या वेळी तुम्ही घरात नाही!

पिल्लू कुठलं, असं विचाराल. सांगते.

तुमच्या हाताखालचा फिटर भास्कर, शिरपूरकडचा, इथे जवळच अथालला खोली घेऊन राहतो तो. तुम्ही गेल्यापासून दर सुट्टीला येऊन "वहिनी, काही काम?" असं विचारून जातो. काम नसलं तर शोधतो. मध्यंतरी त्यानं आपला न गळणारा नळ दुरुस्त केला, तेव्हापासून तो गळतो. तर हा भास्कर संक्रांत झाल्यावर एका दुपारी तुमच्या कंपनीतल्या धाग्याच्या कोनांचं रिकामं खोकं घेऊन दारात उभा. खोक्यात काहीतरी हलत होतं.

"वहिनी, कंपनीच्या गेटवरच्या कुत्रीचं पिलू हाय. बाकीची गेली, ही एकटीच राहिली. एकदम शांत. काही तकलीफ नाही देणार."

"भास्कर, माझ्याकडे एक म्हातारा कुत्रा आहे आणि दोन गुडघे आहेत. तिघांनाही शांतता लागते."

"तेच तर! सारूला सोबत होईल. सईताई पण बोलली, घरात जरा हालचाल पाहिजे म्हणून."

म्हणजे कट होता. तुमच्या लेकीनं पुण्यात बसून माझ्या घरात हालचाल करायची व्यवस्था केली होती. नावसुद्धा तिनंच फोनवरून ठेवलं. मोमो! खाण्याच्या पदार्थाचं नाव ठेवलेला प्राणी खाण्यापलीकडे आयुष्यात काय करणार, असं मी तेव्हाच म्हटलं होतं. आपल्या वेळी मी कसं शुद्ध नाव काढलं होतं, सारमेय! संस्कृतात कुत्र्यालाच सारमेय म्हणतात. म्हणजे कुत्र्याचं नाव कुत्रा, वादाला जागाच नको. तुम्ही एका दिवसात त्याचा सारू केलात आणि कॉलनीच्या वॉचमननं सारूचं 'सर' केलं. अजूनही तो गेटवर उठून उभा राहतो आणि म्हणतो, "सर, आज लेट?" मी इतकी वर्षं शिकवलं, मला कोणी उठून उभं राहिलेलं आठवत नाही.

शांत पिलू! अहो, काय सांगू. पहिल्या आठवड्यात तिनं पायपुसणं खाल्लं, झाडूचं टोक खाल्लं, माझ्या चष्म्याची दांडी खाल्ली. तुमचे सेफ्टी शूज मी अजून मागच्या दाराशी ठेवलेत, का ते विचारू नका. त्यातल्या एकावर ती तुटून पडली. पुढच्या टोकात लोखंड असतं हे तिच्या दातांना कळलं, तेव्हा जे तोंड केलं ते बघायला तुम्ही हवे होतात. शिकवणीची मुलं टेबलाशी बसून शब्द चालवतात आणि ही टेबलाखाली त्यांचे मोजे चालवते. एरवी 'कंटाळा आला मॅम' म्हणणारी कार्टी हल्ली वेळेआधी येऊन बसतात. संस्कृतला एवढी गर्दी मी पुण्यातही पाहिली नव्हती.

पण मी दमते हो. सकाळी उठल्यापासून कोणाच्या तरी मागे फडकं घेऊन फिरायचं. सई झाली तेव्हा निदान तुमची आई होती, आणि सई चप्पल खात नव्हती. दुपारी पाठ टेकली की ही उशाशी येऊन कान चावते. ओरडायचंही बळ नसतं. नुसती पडून राहते आणि म्हणते, चाव बाई.

तरी हे चाललं असतं. प्रश्न सारूचा आहे.

पहिल्या दिवशी मोमो त्याच्या गोणपाटावर जाऊन बसली, तेव्हा तो गुरगुरला. आपला सारू! इतक्या वर्षांत त्याचा तो आवाज मी फटाक्यांखेरीज कशावर ऐकला नव्हता. मी काय केलं असेल? बोट वर केलं आणि वर्गात म्हणावं तसं म्हटलं, "सारू! लहान आहे ती. पाहुणी आहे आपली. शोभतं का तुला हे?" तुम्ही त्याला जन्मात कधी रागावला नाहीत, त्यामुळे माझं रागावणं त्याला फार लागतं. कान पाडून कोपऱ्यात गेला. पुढे दोन-तीनदा असंच झालं, दर वेळी मी बोट वर केलं, आणि मग त्यानं गुरगुरणंच सोडलं. मला वाटलं, बघा, समजावून सांगितलं की कुत्र्यालाही कळतं!

मग जेवणं. आमच्या माहेरचं तुम्हाला ठाऊक आहे. पंक्तिप्रपंच म्हणजे महापाप. घरच्यांना तूप आणि शिकायला राहिलेल्या मुलाला कोरडा भात, असं आजोबांनी कधी चालू दिलं नाही. सगळ्यांनी एका ओळीत बसायचं, सगळ्यांना सारखं वाढायचं, आणि सगळ्यांचं झाल्याशिवाय कोणी उठायचं नाही. मी तेच या दोघांना लावलं. मागच्या ओट्यावर दोन सारख्या ताटल्या एका ओळीत, दोघांना तोच दूधभात, तेच अंडं, एकाच वेळी. हसू नका. मला त्याचा अभिमान वाटत होता.

व्हायचं असं की मोमो स्वतःचं दोन घासांत संपवून सारूच्या ताटलीत तोंड घालायची. सारू मान वर करून माझ्याकडे बघायचा. मग मागे सरकायचा आणि अबोलीच्या कुंड्यांपलीकडे जाऊन बसायचा. आणि मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणायचे, "शहाणा रे माझा सारू! मोठं मन आहे याचं."

मोठं मन!

सईलाही फोनवर कौतुकानं सांगितलं, "बाबांवर गेलाय गं. आपल्या ताटातलं काढून देतो." ती एकदम गप्प झाली. मला वाटलं, गहिवरली असेल.

त्याचा पट्टा गळ्यात सैल पडायला लागला, तेव्हा मी पट्ट्याला टोच्यानं नवं भोक पाडून तो आवळला. संस्कृत घेऊन एम.ए. झालेली बाई, अहो. भोक पाडताना तरी डोक्यात उजेड पडावा की नाही!

शेवटी जिन्याच्या पहिल्या पायरीशी तो नुसताच उभा राहिलेला पाहिला, तेव्हा घाबरले. रिक्षा केली आणि बाजारातल्या जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. तेच ते, अर्धं गुजराती, अर्धं हिंदी, आणि आपल्याकडे बघून मराठी बोलतात. त्यांनी सगळं तपासलं, रक्त घेतलं, दात पाहिले. रोग काही नाही म्हणाले. मग मला विचारलं, "बेन, जेवतो का?"

मी आपली ती पंगत आणि ते मोठं मन त्यांना सांगितलं. बरंच रंगवून सांगितलं असणार, कारण ते हातातलं काम थांबवून ऐकत होते.

"बेन, असं त्यागबिग काय नसते कुत्र्यात. भूक त्याला लागते. पण ती छोकरी असली की खायची हिंमत नाय होत."

"अहो पण ती एवढीशी आहे! तो तिच्या चौपट आहे."

"तो गुरगुरला होता कधी?"

"सुरुवातीला. मी रागावले, मग थांबला."

"हां." त्यांनी सारूच्या पाठीवर हात ठेवला. "मग तो दुसरं काय करेल, तुम्हीच सांगा ने. 'हे माझं आहे' एवढं बोलायला त्याच्याकडे तो एकच आवाज होता. तो तुम्ही बंद करून टाकला. आता छोकरीला कोण सांगणार? तिला तर वाटते, सगळं आपलंच."

सारू टेबलावर माझ्याकडे बघत बसला होता, खाली उतरू का, असं विचारत.

डॉक्टरांनी सांगितलं ते असं. त्याचं पान आधी वाढायचं, आणि वेगळं. तो गुरगुरला तर आपण मध्ये पडायचं नाही. आणि रविवारपर्यंत खायला लागला नाही, तर पिल्लू दुसरीकडे द्यायचं. "या उमरमध्ये वजन असं गेलं तर परत येत नाय, बेन," असं म्हणाले आणि पुढच्या मांजराकडे वळले.

रिक्षात बसले आणि मला तुमचा राग आला. हो, तुमचाच. सारूची मान माझ्या मांडीवर होती, पट्ट्याचं ते नवं भोक दिसत होतं, आणि मला तुमची शोकसभा आठवली. कॉलनीच्या हॉलमध्ये एकामागून एक उठून काय बोलत होते? साहेबांनी कधी आवाज चढवला नाही. साहेबांनी कधी कोणाला नाही म्हटलं नाही. कोणाच्या बदली दिवाळीत ड्यूटीवर कोण जाईल, तर साहेब. मी पहिल्या रांगेत बसून मान डोलवत होते. मलाही ते ऐकायला बरं वाटत होतं.

शेवटच्या वर्षी तुम्ही जिन्यात मध्येच थांबायचात. विचारलं की म्हणायचात, "गुडघा गं." ताटातली पोळी सईच्या नाहीतर माझ्या पानात सरकवायचात, "मला कँटीनमध्ये झालंय." मी तुमच्या गुणांत आणखी एकाची भर घालायचे, आणि पोळी खायचे. दहाव्या-बाराव्याच्या गडबडीत भास्कर सहज बोलून गेला, "साहेब तर वर्षभर कँटीनला आलेच नाहीत, वहिनी. डबा पण आम्हालाच द्यायचे."

मग तुम्ही खात काय होतात? आणि भूक नव्हती, तर ती का नव्हती, हे तुम्हाला कळत नव्हतं की कळत होतं? छातीत काय होत होतं हे एकदा तरी, भांडण काढून का होईना, मला सांगता आलं नसतं? मी एवढी बोलणारी बाई. माझ्या बोलण्यात तुमच्या शब्दाला जागाच मिळाली नाही, असं तर झालं नाही ना?

उत्तर येणार नाही म्हणून लिहायला बसले होते. आता वाटतं, त्या भयंकर अक्षरात का होईना, आलं असतं तर बरं.

असो. डॉक्टरांचं सांगणं ऐकून आले त्याला चार दिवस होतील. सारूचं पान वेगळं वाढते आहे. खोलीत घेऊन दार लावलं तर मोमो बाहेर गळा काढते, आणि हा पान सोडून दाराशी जाऊन उभा राहतो. ओट्यावर वाढलं तर ती लांबून सरकत सरकत येते. मी आता काही बोलत नाही, बोट तर अजिबात वर करत नाही. पण तो तोंड खाली घालण्याआधी माझ्याकडे बघतोच. मी हसते, मान हलवते, खा रे बाबा म्हणते. त्याला ते पटत नाही. माझ्या चेहऱ्यावर तो काय वाचतो कोण जाणे. मग ती येते आणि तो उठतो.

भास्करला फोन केला. सुरंगीला त्याच्या ओळखीच्यांचं शेत आहे, तिथे ठेवीन म्हणाला. फोन ठेवला आणि बघते तर मोमो माझ्या पायावर हनुवटी ठेवून झोपलेली, चष्म्याची दांडी पंजात. आता काय करायचं हो? तिचा तरी काय गुन्हा? तिला कोणी सांगितलंच नाही.

शिकवणीची मुलं आली. थांबते.

*

रविवार, चारचा चहा झाल्यावर.

काल मुलं गेल्यावर बराच वेळ एका गोष्टीवर विचार करत होते. सारू माझ्याकडे बघतो. मी हसले काय, रागावले काय, तो आधी बाईंकडे बघतो, मग काय ते ठरवतो. मग बाईंनी समोर असावंच कशाला? पण मी घरात गेले की तोही माझ्या मागून आत येतो. म्हणजे असायचं, पण बघायचं नाही.

आज भास्कर दुपारी आला, हातात कापडी पिशवी, पिल्लू न्यायला. मी म्हटलं, "आधी चहा घे. आणि मी सांगते तसं बस."

ओट्यावर भिंतीकडे तोंड करून दोन खुर्च्या मांडल्या. मागे, ओट्याच्या दुसऱ्या टोकाला, सारूचं पान वाढलं. आज भाताबरोबर कोंबडीचं सूप होतं. हो, माझ्या स्वयंपाकघरात! शेजारच्या हेमाबेनकडून आणलं नाही, मीच केलं, नाकाला पदर लावून. तुमच्या हयातीत तुम्हाला जे मिळालं नाही ते कुत्र्याला मिळालं, याची नोंद घ्या.

"वहिनी, भिंतीकडे काय बघायचं?"

"काही नाही बघायचं. तेच तर करायचंय."

"चालशे," असं म्हणून तो बसला. आम्ही दोघं भिंतीकडे बघत चहा पीत होतो. कुंपणाबाहेरून कोणी पाहिलं असतं तर शिक्षा झाली आहे असंच वाटलं असतं.

मागे सारूच्या नखांचा आवाज आला. मग थांबला. बघत असणार माझ्याकडे. माझी पाठ, आणि अंबाडा. मी कपातल्या सायीकडे लक्ष ठेवलं. बराच वेळ काहीच नाही. मग लपलप ऐकू आली.

"वहिनी, खातोय!" भास्कर वळायला लागला.

"मान सरळ."

आणि मग ती छोटी, घाईची पावलं. मोमो. सरकत सरकत येतच होती. लपलप थांबली. मला वाटलं, संपलं, आता उठणार हा. माझी मान इतकी दुखत होती हो न वळता!

तो गुरगुरला.

आधी हळू, घसा विसरलेल्या माणसानं खाकरावं तसा. तरीही ती पुढे आली असावी, कारण दुसऱ्यांदा आवाज पोटातून आला, आणि मग एकदम भुंकणं, दातांवर दात आपटल्याचा आवाज, आणि मोमोची किंकाळी!

"चावला का काय! ए सारू!" भास्कर अर्धा उठला. मी त्याचा शर्ट धरून त्याला खाली बसवलं. चहा त्याच्या पँटवर सांडला.

"गप्प बस, भास्कर. बोलू दे त्याला."

"पण पिलू..."

"पिलूलाच सांगतोय तो."

बसलो. मी कप खाली ठेवला. मोमो कुंड्यांच्या मागून बारीक आवाजात सगळ्या जगाकडे तक्रार करत होती. आणि थोड्या वेळानं पुन्हा लपलप सुरू झाली. घाई नाही. पुढे तर ताटली फरशीवर सरकल्याचा आवाज, तळ चाटताना सरकते तसा. तेव्हा मी वळले.

ताटली कोरी होती. सारूनं माझ्याकडे बघितलं नाही. पाणी प्यायला, आणि ताटलीला पाठ टेकून पसरला. मोमोच्या अंगावर एक ओरखडासुद्धा नव्हता, नुसता अपमान झाला होता. ती लांब बसून राहिली. दोन पावलं पुढे आली, सारूनं एक डोळा उघडला, तर तिथेच खाली बसली. तिला समजलं. माझ्या सगळ्या व्याख्यानांनी जे झालं नव्हतं ते त्या एका आवाजानं झालं.

भास्कर ओली पँट झटकत म्हणाला, "मग वहिनी, हिला नेऊ का नको?"

"राहू दे. पण रिकामी पिशवी नेऊ नकोस. मागच्या शेवग्याच्या शेंगा ने."

एका जेवणानं वजन परत येत नाही, हे मला माहीत आहे. उद्या तो पुन्हा माझ्याकडे बघेलही. मग मी पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसेन. त्या भिंतीला रंग द्यायला झालाय, हेही आजच लक्षात आलं.

तुम्हाला एक वचन देते. सारूचं पान या घरात आधी वाढलं जाईल, आणि वेगळं. पंक्तिप्रपंच तर पंक्तिप्रपंच; आजोबा तिकडे भेटले तर माझ्या वतीनं तुम्हीच समजावा, तुम्हाला नाही म्हणता येत नाहीच. आणि कोणी गप्प राहून मागे सरकायला लागलं, तर मी त्याचं कौतुक करणार नाही.

आणखी एक. आता सईचा फोन येईल. तिला मी सांगणार आहे की मी फार दमले आहे, एकटीनं होत नाही, आठ दिवस रजा काढून ये. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, पोरीला कशाला त्रास. 'मला होत नाही' हे वाक्य तुम्हाला कधी जमलं नाही. मला जमवायचंय.

फोन वाजतोय.

तुमची,
वासंती